‘खणखणीत’ म्हणे खाणीतून आला!

रिकामा रांजण
काल घरच्या ग्रुपवर ज्ञान आलं: ‘धातू खाणीतून निघतो, खाण हा शब्द संस्कृत खन् वरून, म्हणूनच धातूच्या आवाजाला खणखण म्हणतात. आपले पूर्वज किती विचारी!’ खाली सगळ्या काका-मावशांनी हात जोडलेले. मग टणटण, छनछन आणि किणकिण कुठल्या खाणीतून काढायच्या? खणणे खन् वरून आलं, मान्य. खणखण मात्र कानाने घडवलाय.

खरी गंमत वेगळीच आहे. ठणठणीत म्हणजे धडधाकट आणि ठणठणपाळ म्हणजे खिशात दमडी नाही. एकाच आवाजातून ही दोन टोकं कशी? माझी आजी भांडं घेताना उलट्या बोटाने टिचकी मारायची. ठण्ण वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत. असा नाद यायला भांड्याला तडा नको आणि आत काही भरलेलं नको. पहिल्यातून ठणठणीत निघाला, दुसऱ्यातून ठणठणपाळ.

शास्त्रार्थी
संस्कृतला नावं ठेवली की पुरोगामी ठरता येतं, त्यामुळे चालू द्या. झणत्कार, रणत्कार, टङ्कार हे काय आजीने टिचकी मारून काढले? अशा शब्दांसाठी पाणिनीने अख्खं सूत्र दिलंय (५.४.५७). पटपटाकरोति, म्हणजे ‘पटपट’ असा आवाज करतो, हे वाचलंय का कधी?

रिकामा रांजण
वाचलंय. त्या सूत्रात पाणिनी त्यांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हणतो, म्हणजे अस्पष्ट आवाजाची नक्कल. अनुकरण! म्हणजे तो माझ्या बाजूने. निरुक्तातही, म्हणजे यास्काच्या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या जुन्या ग्रंथातही, हाच वाद आहे. यास्क म्हणतो, काक हे नाव आवाजावरूनच पडलं. औपमन्यव हा दुसरा जुना आचार्य म्हणतो छे, अनुकरण वगैरे काही नसतं, हाकलून लावायचा तो काक. तुमचं फॉरवर्ड औपमन्यवाच्या घराण्यातलं दिसतंय.

शास्त्रार्थी
फॉरवर्ड माझं नाही. नीट वाचा.

सोलापुरी चादर
आमच्याकडे आजी कन्नड, आजोबा मराठी. पैशाला झणझण दोघंही म्हणायचे, भांडायचे बाकी सगळ्यावर. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये यावर लेख लिहिला होता. अशी जोडशब्दांची सवय आर्य आणि द्राविड दोन्हीकडच्या भाषांत आहे. एकट्या संस्कृतच्या नावावर सातबारा करू नका.

कासारीण
बोलताय धातूवर आणि आजीचं भांडं कसलं ते सांगतच नाही. माठ असणार! धातूच घ्यायचा तर काशाचा घ्या. ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. आमच्या आईची काशाची वाटी होती, पळीने हलकेच टोकली की माजघरातून देवघरापर्यंत ऐकू जायची. वहिनीने ती मोडीत घातली आणि नॉनस्टिक तवा आणला. तवा दोन वर्षांत सोलला. तो वाजवून बघा, ठप्प. त्याला शब्दसुद्धा मिळाला नाही मराठीत.

राजाछाप
वाटीचं सोडा. खणखणीत म्हणजे चांदीचा रुपया. आमच्या आजोबांकडे गाडग्यात होते, इंग्रजांचे. सगळे शुद्ध चांदीचे. दगडावर टाकला की आवाज घुमायचा.

कासारीण
शुद्ध? ९१.७ टक्के. आणि १९४० पासून तर निम्मीच चांदी. सत्तेचाळीसला निकेल आलं. आजोबांनी गाडगं कधी पुरलं ते विचारा आधी.

राजाछाप
माझ्या आजोबांवर घसरायचं कारण नाही. मी ते रुपये हातात घेतलेत.

कासारीण
हातात घेतलेत, वाजवले नाहीत. माझं आयुष्य दुकानात गेलंय, खोटं नाणं कानाला कळतं.

राजाछाप
मग वाटी मोडीत जाताना कान कुठे होते?

तांबट आळी
अहो, थांबा जरा. पुण्याच्या कसब्यात आमच्या आळीत मठारकाम, म्हणजे भांडं हातोडीने ठोकायचं काम, चालायचं. भट्टीतून निघालेलं तांबं मऊ असतं, ठोकत गेलं की कडक होतं आणि ठोक्याचा आवाज बदलत जातो. आमचे काका न बघता सांगायचे, ‘ए, पुरे, आता फाटेल.’ त्या टुक-टुकवरूनच तांबट पक्ष्याला नाव पडलंय. आता रांजणभाऊंना प्रश्न: दात ठणकतो त्याचं काय? तो धडधाकटही नाही आणि रिकामाही नाही.

रिकामा रांजण
ठोक्यावर ठोका बसतो म्हणून ठणकतो. घणासारखा.

शास्त्रार्थी
आणि ठणकावून सांगणं? ठणाणा करणं? प्रत्येक शब्दाला एकेक गोष्ट रचायची तर खाणवाल्याने वेगळं काय केलं? त्याला खाण सापडली, तुम्हाला आजी.

रिकामा रांजण
... बरं. ठणकावून सांगण्याचं मला नीट सुचत नाहीये. ठणाणाचंही. घ्या, मिळवा आनंद.

शास्त्रार्थी
घेतला. तडा नको, आत काही नको, एवढं मात्र पटलं. आपण पहिल्या अटीत बसत नसलात तरी दुसरीत फिट्ट बसता.

कासारीण
राजाछाप, वाटी माझ्या मागे मोडीत गेली, मी माहेरी नव्हते. तुमच्या रुपयावर साल काय आहे ते सांगा.

राजाछाप
१९४२.

कासारीण
😌