आधी बी.ए. की थेट फिल्म स्कूल?

माधवी_सातारा
भाची बारावी झाली, तिला दिग्दर्शन करायचंय. घरात वाद एकच: थेट फिल्म स्कूल, की सिनेमासोबत इतिहास, साहित्य, मानसशास्त्रही शिकवणारं लिबरल आर्ट्स कॉलेज? मी ठामपणे दुसऱ्या बाजूची. माहितीपट करणारे केन बर्न्स अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात शिकले, १९७५ला पदवी घेतली. त्यांचे गुरू जेरोम लीबलिंग मुळात छायाचित्रकार. स्थिर फोटोकडे नीट बघायची नजर तिथे घडली, आणि १९९०ची अमेरिकन यादवी युद्धावरची त्यांची मालिका जुन्या फोटोंवरच उभी राहिली. लेन्स कुठली लावायची हे शिकता येतं, पण कशाकडे बघायचं हे आधी कळायला हवं.

ट्रॅकवरचा_माणूस
ताई, अजिबात पटलं नाही. मी साउंड करतो. अशा कॉलेजांतली मुलं विषयावर तासभर सुंदर बोलतात, पण लोकेशनवर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्यायचा राहून जातो. दोष त्यांचा नाही. सेमिस्टरला पाच विषय, त्यातला सिनेमा एक. रविवारी शूट, सोमवारी अर्थशास्त्राचा पेपर! एफटीआयआयमध्ये, म्हणजे पुण्याच्या सरकारी फिल्म स्कूलमध्ये, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनीचे विद्यार्थी एकमेकांच्या फिल्मवर राबतात. दिग्दर्शकाला पुढच्या वीस वर्षांचा कॅमेरामन तिथेच भेटतो. हात बसायला वेळ लागतो हो.

माधवी_सातारा
पण तिथल्या दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागतेच ना? मग त्याआधीची वर्षं कशात घालवायची?

नगरकर
लिबरल आर्ट्स म्हटलं की सगळ्यांना लाखोंची फी घेणारं खाजगी विद्यापीठच का आठवतं? नागराज मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाले, मग आमच्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्या शिक्षणातच झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कला, वाणिज्य, विज्ञान सगळं एकाच आवारात असलेलं जिल्ह्याच्या गावचं कॉलेज. कर्ज काढून मुंबई गाठण्याआधी पालकांनी आपल्याच जिल्ह्यात चौकशी करावी.

ट्रॅकवरचा_माणूस
दादा, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ‘पिस्तुल्या’तली शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी मुलाची गोष्ट त्यांना कुठल्या अभ्यासक्रमाने दिली नाही, जगण्याने दिली. कॉलेजाने दिला कॅमेरा आणि फिल्म पुरी करायची मुदत.

नगरकर
आणि मराठीतली एम.ए.? कविता लिहिणाऱ्या माणसाला ती वर्षं फुकट गेली म्हणायचं का?

कट_टू_रेवा
मी अशाच लिबरल आर्ट्स कॉलेजात संकलन शिकले. तिथली खरी अडचण कुणी बोललंच नाही. वर्गात सगळे दिग्दर्शक व्हायला आलेले, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला कुणी तयार नाही. मी इतरांच्या फिल्म कापत बसले, म्हणून मला काम आलं. समाजशास्त्राच्या तासांचा उपयोग मात्र रोज होतो. मुलाखत कापताना कुठली शांतता ठेवायची, हे मी बोलणाऱ्याची परिस्थिती समजून ठरवते. माधवीताई, माहितीपत्रकावर जाऊ नका. तिसऱ्या वर्षापर्यंत एका विद्यार्थ्याच्या किती फिल्म पूर्ण होतात, एडिटिंग रूम रात्री उघडी असते का, ध्वनीचे शिक्षक कायमचे आहेत की पाहुणे, हे तिथल्या मुलांनाच विचारा.

ट्रॅकवरचा_माणूस
ध्वनीचं आधी विचारा. बहुतेक ठिकाणी तिथेच बोंब असते.

माधवी_सातारा
विचारते, तिन्ही प्रश्न. उत्तरं वाईट आली तर कॉलेज बदलू. इतिहास सोड असं मात्र मी तिला सांगणार नाही.