‘हवामान बदल’ की ‘वातावरण बदल’? शंका घेणाऱ्यांसाठी कोणता शब्द?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या शेतकरी गटांसाठी दोन पानी माहितीपत्रक लिहायचं आहे. ‘क्लायमेट चेंज’साठी ‘हवामान बदल’ लिहिलं की पहिल्याच ओळीला कुणीतरी म्हणतं, “हवामान बदलतंच की, त्यात नवीन काय?” ‘वातावरण बदल’ म्हटलं तर लोकांना सर्दी-खोकला आठवतो. ‘जलवायू परिवर्तन’ आपल्याकडे कुणी बोलत नाही. काय लिहावं?

प्रतिसाद:
‘हवामान बदल’च ठेवा. वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत तोच रुळलाय. पण तो एकटा सोडू नका. हिंदीत मौसम वेगळा, जलवायू वेगळी. आपल्याकडे आजचं आभाळही हवामान आणि भूगोलाच्या पुस्तकातलं ‘उष्ण व दमट हवामान’ही हवामानच. त्यामुळे “ह्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं काय सांगतात?” हा आक्षेप मराठीत सहज पटतो. पहिल्याच परिच्छेदात लिहा: एका दिवसाचं नव्हे, तीस-तीस वर्षांची सरासरीच सरकतेय, तिला हवामान बदल म्हणतात.

प्रतिसाद:
‘ग्लोबल वॉर्मिंग’ काय वाईट? ते तर सगळ्यांना माहीत आहे.

प्रतिसाद:
माहीत आहे, पण डिसेंबरात कडाका पडला की त्याच शब्दावरून वाद सुरू होतो. शिवाय हे शब्द निरागस नाहीत. अमेरिकेत २००२ च्या सुमारास फ्रँक लुंट्झ या प्रचारतज्ज्ञाने रिपब्लिकन पक्षाला सल्ला दिला होता की ‘ग्लोबल वॉर्मिंग’पेक्षा ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतीदायक वाटतं. उलट २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ या वर्तमानपत्राने आपल्या पत्रकारांना ‘ग्लोबल हीटिंग’ आणि ‘क्लायमेट इमर्जन्सी’ हे शब्द सुचवले. त्यांनी ‘स्केप्टिक’ऐवजी ‘डिनायर’ लिहायलाही सांगितलं. मराठीत हा फरक जपायलाच हवा. पुरावा मागतो तो साशंक. पुरावा समोर ठेवला तरी हलत नाही तो नाकारणारा. बैठकीला येणारे बहुतेक जण साशंक असतात. त्यांना नाकारणाऱ्यांच्या रांगेत बसवलंत तर ते पुढच्या वेळी येणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
आमच्याकडे ठरलेला मुद्दा म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. “तेव्हा कुठे होता तुमचा हवामान बदल?” असं वयस्कर मंडळी विचारतात.

प्रतिसाद:
प्रश्न रास्त आहे, टाळू नका. दुष्काळ आधीही पडत होते हे कबूल करा आणि मग ‘किती वेळा’ या शब्दावर या. तुमच्या वाचकाला ‘अतिवृष्टी’ नेमकी कळते, कारण महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच पंचनामे आणि मदतीची गोष्ट सुरू होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. (त्यांचा अतिवृष्टीचा निकष ६५ मिलिमीटरपेक्षा बराच वरचा आहे.) “पाऊस वाढला” किंवा “पाऊस कमी झाला” असं एकेकटं लिहू नका, दोन्हीकडून पकडतील. “पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधली उघडीप लांबते” असं लिहा. हे त्यांनी सोयाबीनच्या शेंगांवर पाहिलेलं असतं.

‘हरितगृह वायू’ मी पत्रकात टाळतो. हरितगृह म्हटलं की पॉलीहाउसमधली झाडं डोळ्यांसमोर येतात आणि वायूचा संबंध लागत नाही. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांशी बोलताना मी थंडीवरून सुरुवात करतो. आभाळ निरभ्र असलं की रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात; ढग असले की पारा तेवढा उतरत नाही, कारण जमिनीतून वर जाणारी उष्णता ढग अडवतात. कार्बन डायऑक्साइडही तीच उष्णता अडवतो, फक्त तो दिसत नाही आणि सकाळी पांगत नाही. उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न त्यांच्याकडूनच येतात, आणि फार चांगले येतात.

प्रतिसाद:
‘शक्यता’ या शब्दाकडेही लक्ष द्या. बोलण्यात “शक्यता आहे” म्हणजे झालं तर झालं. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, अहवालात मात्र ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के. भाषांतरात नुसतं ‘दाट शक्यता’ लिहिलं की ते वजन जातं. ‘दहापैकी किमान नऊ’ लिहा. आणि माणसामुळे पृथ्वी तापली, या बाबतीत २०२१ च्या अहवालात शक्यतेची भाषाच नाही. तिथे ‘निःसंशय’ असाच शब्द हवा.

प्रश्नकर्ता:
खूप उपयोग झाला, आभार. शेवटचं एक. ‘उत्सर्जन’ला सोपा शब्द? ‘धूर’ चालेल का?

प्रतिसाद:
धूर नको. त्याने प्रदूषणाशी गल्लत होते, आणि मग चर्चा प्लास्टिक, फटाके, कचरा अशी भरकटते. “कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड” असं पूर्ण लिहा. ओळ लांबली तरी चालेल.