आइसलँडला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी : जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

मैत्रेयी_ठाणे
सकाळी धाकट्या नणंदेचा फोन. "वहिनी, व्हिसा आला! आता पटापट सांगा काय काय घेऊ." दोघं सप्टेंबरात चाललेत. पोळ्या होईपर्यंत डोक्यात सगळं तिथलंच चालू होतं, म्हणून हा धागा.

तिला सगळ्यात आधी वाऱ्याबद्दल सांगितलं. पावसाची तयारी आपण करतो, थंडीची करतो, वाऱ्याची कोणी करत नाही. एका पेट्रोल पंपावर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी दार जरासं उघडलं, तर ते हातातून सुटून पार उलट्या बाजूला पुढच्या पत्र्यावर आपटलं. बिजागरी वाकली, दार परत लागेचना. भाड्याच्या गाडीचा विमा या नुकसानाला बहुतेक वेळा लागू होत नाही, करार नीट वाचा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं आणि एका वेळी एकच. छत्री नेऊच नका. वॉटरप्रूफ जाकीट आणि वरून चढवायची तशीच पँट घ्या.

दुसरं म्हणजे रोज नाश्त्याआधी हवामान खात्याची वेबसाइट (वेदुर डॉट आयएस) आणि रस्त्यांची (उम्फेर्दिन डॉट आयएस) बघायची. रस्ता बंद दाखवला की बंद. आमचा रस्ता बंद होता त्या दिवशी आम्ही वीक नावाच्या गावातच थांबलो, योकुलसारलोन सरोवरातले हिमखंड दुसऱ्या दिवशी बघितले. रद्द करता येतील अशीच हॉटेलं घ्या म्हणजे जिवाला घोर नाही.

लिहा सगळ्यांनी, तिला लिंक पाठवतेय.

भटकंतीवेडा
रेनिसफ्यारा!! वीकजवळचा काळ्या वाळूचा किनारा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. बराच वेळ लाटा लांबच फुटतात, आपण निर्धास्त होतो, आणि मग एक लाट एकदम वरपर्यंत येते आणि परत जाताना पायाखालची वाळूच ओढून नेते. माणसं गेली आहेत तिथे. वाटेवर धोक्याचा दिवा आहे, तो लाल असेल तर पाण्याकडे जायचंच नाही. मुलांचा हात सोडू नका. बाकीचं रात्री लिहितो, मीटिंग आहे.

नीलाक्षी
नळाचं गार पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला मात्र गंधकाचा वास येतो, अगदी सडक्या अंड्यासारखा. ते जमिनीतलंच गरम पाणी आहे, अंघोळीला काही अपाय नाही. प्यायला भरताना गार नळ थोडा वेळ सोडून ठेवा.

आणि ब्लू लगूनला (गरम पाण्याचं प्रसिद्ध तळं) जा न जा, गावातल्या साध्या स्विमिंग पूलला जाच! राजधानी रेक्याविकमध्ये लौगार्दाल्सलौग नावाचा पूल मोठा आहे. पण नियम ऐका : पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबण लावून अंघोळ करायची. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, पण आत बऱ्याच ठिकाणी आडोसा नसतो. भिंतीवर माणसाचं चित्र असतं, त्यात डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगाने दाखवलेली. मला आधी फार संकोच वाटला. पण शेजारच्या आजी शांतपणे केस धूत होत्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं, दोन मिनिटांत संकोच गेला. मग बाहेर बोचरा वारा आणि आपण गळ्यापर्यंत कढत पाण्यात. पाण्यात क्लोरीन फार कमी घालतात म्हणून ही अंघोळ, त्यामुळे टाळाटाळ करू नये.

साळुंकी
नीलाक्षी बापरे 😳 मी नाही जाणार. धागा मात्र वाचतेय.

नीलाक्षी
अगं जाशील गं! एकटीने अंघोळ करायची सोय काही ठिकाणी असते, विचारायचं.

डब्लिनकर
गाडी चालवणाऱ्यांसाठी. तिथे उजवीकडून. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भाड्याच्या गाडीवाले मागू शकतात. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९० किमी, खडीवर ८०, गावात ५०. दिवे दिवसाही चालू. डांबर संपून खडी सुरू होते तिथे आधीच वेग कमी करा, ब्रेक दाबलात तर गाडी घसरते. एका गाडीचे पूल खूप आहेत, जो पुलाच्या जवळ तो आधी जातो, दुसरा थांबतो. नावापुढे एफ असलेले डोंगरातले रस्ते फक्त फोर बाय फोरला, आणि तेही उन्हाळ्यातच उघडतात.

मेंढ्या! उन्हाळाभर मोकाट असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की थांबाच, कोकरू हमखास आईकडे धावतं. सप्टेंबरात गावकरी घोड्यांवरून जाऊन डोंगरातल्या सगळ्या मेंढ्या खाली आणतात आणि मोठ्या गोल कुंपणात ज्याच्या त्याला वाटून देतात. मैत्रेयीताई, तुमच्या नणंदेच्या वाटेत लागलं तर गाडी बाजूला घेऊन जरूर बघायला सांगा.

पंपांवर बऱ्याचदा माणूस नसतो, कार्डाचा पिन लागतो. निघण्याआधी बँकेतून पिन चालतोय ना ते बघून घ्या.

सह्यकडा
स्कफ्ताफेल्लमधला स्वार्तिफॉस धबधबा कोणी पाहिलाय का? काळ्या बसाल्टचे षटकोनी खांब, मध्ये पाणी पडतंय. मी तिथे उभा राहून बायकोला म्हटलं, हे तर आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं भावंड. लाव्हा जाड थरात हळूहळू थंड झाला, आकसला, तडे गेले आणि खांब झाले. दोन्हीकडे एकच प्रक्रिया, फक्त गिल्बर्ट हिल सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

एक कळकळीची विनंती : शेवाळावर पाय ठेवू नका. वीकच्या पुढे मैलोन्‌मैल हिरवं-करडं शेवाळ आहे, १७८३ च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या लाव्हावर वाढलेलं. एक पाऊल बुडलं की तो ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. गाडी रस्ता सोडून बाहेर नेणं तर गुन्हाच आहे, दंड जबर.

उनाडमैना
गिल्बर्ट हिल!! माझं माहेर तिथलंच. वरच्या गावदेवीच्या देवळात नवरात्रात जायचो. आता चारी बाजूंनी इमारती. त्या खांबांजवळून जाताना कोणी वर बघतही नाही.

सह्यकडा
मैना, खरंय. कुठेही नेलं तरी लोक तिकीट काढून बघतील असा दगड आहे तो.

आजोबा_नाशिककर
आम्ही दोघेही सत्तरी ओलांडलेले, हिच्या गुडघ्यांचं दुखणं. काही बघायला मिळेल का, की पैसे फुकट?

मैत्रेयी_ठाणे
काका, नक्की जा! गाडी नकोच, रेक्याविकहून बस निघतात. थिंगवेल्लिरला ९३० साली त्यांची पहिली संसद भरली, तिथे दरीच्या कडेने नीट वाट आहे. गुल्फॉस धबधबा वरच्या वाहनतळाजवळूनही छान दिसतो, पायऱ्या उतरायची गरज नाही. आणि स्त्रोक्कुर हा गरम पाण्याचा उसळता झरा तर बसपासून अगदी थोड्याच अंतरावर. त्याचं पाणी खाली-वर हलत राहतं, मग अचानक निळा काचेसारखा फुगा फुगतो, त्यातून वाफ दिसते आणि क्षणात फवारा आकाशात. दर पाच-दहा मिनिटांनी होतं. काकूंना बाकावर बसवा, वारा त्यांच्याकडून फवाऱ्याकडे जात असेल अशा बाजूला, म्हणजे भिजणार नाहीत.

आजोबा_नाशिककर
धन्यवाद. हिला वाचून दाखवलं. ती म्हणते जून चालेल का?

भटकंतीवेडा
मीटिंग संपली. काका, जून उत्तम, पण रात्र होत नाही, डोळ्यांवरची पट्टी न्या. डिसेंबरात उलट, रेक्याविकला सकाळी सव्वाअकराच्या पुढे सूर्य आणि साडेतीनला मावळतोही. नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश) हवे असतील तर सप्टेंबर ते एप्रिल. हवामान खात्याच्याच साइटवर ढगांचा नकाशा असतो, त्यातला पांढरा भाग म्हणजे निरभ्र आकाश, तिकडे जायचं.

ज्वालामुखी म्हणाल तर २०२१ पासून विमानतळाच्याच भागात, रेक्यानेस द्वीपकल्पावर, पुन्हापुन्हा उद्रेक होताहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं केलं होतं. ब्लू लगून तिथूनच जवळ, त्यामुळे जायच्या दिवशी उघडं आहे का ते बघा. ताज्या लाव्हावर चढून फोटो काढू नका, वरून काळा दिसतो पण आत धगधगत असतो. संकटात फोन ११२.

साळुंकी
शाकाहारी काय खातात पण तिथे?

नीलाक्षी
स्वयंपाकघर असलेली खोली घे. बाहेर जेवण फार महाग. बोनुस नावाचं दुकान, पिवळ्या पाटीवर गुलाबी डुक्कर, तिथे भाज्या, तांदूळ, ब्रेड मिळतं. स्किर खा, दाट चक्क्याच्या जवळचं लागतं. फ्रिदहेमर नावाच्या शेतावर काचेच्या घरात टोमॅटो पिकवतात, जमिनीतल्या उष्णतेवर. तिथेच टोमॅटोचं सूप देतात, आधी जागा राखून ठेव.

उनाडमैना
लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. आइसलँडसाठीचा शेंगेन व्हिसा असला तरी तो इंग्लंडला चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एकांना विमानतळावरून परत यावं लागलं.

साळुंकी
बरं खाऊ काय न्यायचा? आई म्हणतेय तूप दे, पेढे दे.

डब्लिनकर
दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून न्यायला बंदी आहे. तूप, पेढे घरीच ठेवा. खाकरा, चिवडा, मेतकूट चालेल.

साळुंकी
मेतकूट चालतं ना, मग झालंच! भात तिथे शिजवू आणि लोणी तिथलं घेऊ.