गूगल अर्थवर आमची पुळण ४५ मीटर आत आलेली दिसतेय, हे खरं धरायचं का?

माडवाला_कोथरूड:
नमस्कार मंडळी. राहायला कोथरूडला, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात एकदम किनाऱ्याला (नाव मुद्दाम देत नाही, गावातले दोघं-तिघं इथे वाचतात). घरापुढे माडांची वाडी, मग गडगा (दगडी कुंपण), मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. बाबा गावीच असतात आणि गेली पाच-सहा वर्षं सांगतायत की समुद्र आत येतोय, वाडीतली माडांची पहिली ओळ गेली, दुसरीची मुळं उघडी पडलीत. मी पडलो आयटीवाला, म्हटलं नुसतं ऐकण्यापेक्षा मोजून बघू. गूगल अर्थ प्रोमध्ये जुने फोटो बघायचं घड्याळाचं बटण असतं ना, ते दाबून १८ मार्च २००५ चा एक आणि ७ मार्च २०२३ चा एक असे दोन फोटो घेतले, दोन्हींवर पाण्याची कड आखली आणि मोजलं तर पाणी ४५ मीटर आत! १८ वर्षांत ४५ म्हणजे वर्षाला अडीच मीटर, आणि आता पाण्यापासून घर फार तर ७० मीटर. रात्रभर झोप नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले "मीटर-बिटर मला सांगू नको, एक ओळ गेलीय" आणि ठेवून दिला. मला वाटतं त्यांना रोज बघून अंदाजच राहिला नाहीये. गावात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज चाललाय, त्याला हे फोटो जोडावेत म्हणतोय. की वाडी विकायच्याच मागे लागू?

पिक्सेल_पुसणारा:
आधी वाडी विकू नका राव, विकायची तर मला विका.
बाणेरला याच धंद्यात आहे, दिवसभर उपग्रहाचे फोटोच बघतो. तुम्ही एक गोष्ट नकळत बरोबर केलीत, दोन्ही फोटो मार्चचे घेतलेत. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून पाण्याखाली नेऊन टाकतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते, त्यामुळे ऑक्टोबरचा फोटो आणि मेचा फोटो शेजारी ठेवला तर कुठलाही किनारा पळाल्यासारखा दिसतो. पण बाकी दोन घोळ आहेत. एक, जुना फोटो नकाशावर थोडा सरकलेला असतो, पाच-दहा मीटर सहज. विहीर, गडग्याचा कोपरा, जे हललेलं नाही असं काहीतरी दोन्ही फोटोंत धरून बघा, तेच जर सरकलेलं दिसलं तर तितके मीटर आधी वजा करायचे. (देऊळ नको, वरून पाया नाही, छप्परच दिसतं आणि फोटो तिरका असेल तर उंच वस्तू आडवी पडते. विहीर उत्तम.) दुसरा घोळ मोठा, भरती-ओहोटी. पाण्याची कड म्हणजे किनारा नव्हे, ती त्या मिनिटाला पाणी कुठे होतं एवढंच सांगते.

हर्णै_ते_धनकवडी:
वरच्यांनी बरोबर नाडी धरलीय, मी फक्त पंचांग उघडलं. १८ मार्च २००५ ला सकाळी अष्टमी, ७ मार्च २०२३ ला होळीची पौर्णिमा. हे बघितल्यावर मला हसूच आलं, रागावू नका.
आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता हे फोटो काढणारे बहुतेक उपग्रह आपल्याकडून सकाळी साडेदहा-अकराच्या आसपासच जातात, दर खेपेला त्याच वेळेला, सूर्य एका कोनात राहावा म्हणून त्यांची कक्षाच तशी ठेवलेली असते. म्हणजे तुमचा जुना फोटो ओहोटी पुरी होत आलेली असतानाचा, नवा फोटो भर उधाणाच्या भरतीचा. पुळण मोठी दिसणार नाही तर काय आणि नंतर गायब होणार नाही तर काय! अष्टमीला भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी फार खाली जात नाही हे खरं, तरी दोन्हींत दीड-पावणेदोन मीटर उंचीचा फरक धरा. पुळणीचा उतार पंचवीसास एक असेल तर प्रत्येक मीटरला पाणी २५ मीटर आडवं सरकतं. करा गुणाकार, तुमचे बरेचसे ४५ तिथेच संपतात.

ओली_वाळू:
मी भूगोलात एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्ट याच विषयावर आहे म्हणून मध्ये बोलते. लँडसॅट उपग्रहांचे १९८४ पासूनचे फोटो फुकट मिळतात, पण एक पिक्सेल (फोटोतला एक ठिपका) जमिनीवर ३० मीटरचा. सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा, पण तो २०१५ पासूनच. मी कोस्टसॅट नावाचं पायथनवालं टूल वापरते, ते शेकडो फोटोंतून पाण्याची कड आपोआप काढतं आणि मग भरतीचा आकडा आणि उतार दिला की सगळ्या कडा एकाच पातळीला आणून ठेवता येतात. एका फोटोत १० मीटर इकडेतिकडे होतंच, पण शेकडो असले की कल कळतो. २००३ नंतरचे लँडसॅट ७ चे फोटो टाळा, त्याची ओळी जुळवणारी आरशांची जोडी बिघडल्यापासून फोटोवर काळे पट्टे येतात, माझे दोन आठवडे त्यात गेले. पावसाळ्यात ढगांमुळे काहीच दिसत नाही, मग सेंटिनेल-१ चा रडार वापरला तर चालेल का? कोणी केलंय?

पिक्सेल_पुसणारा:
@ओली_वाळू केलंय आणि पस्तावलोय. ढगातून दिसतं हे खरं, पण रडारला शांत पाणी काळं आणि खवळलेलं पाणी उजळ दिसतं, जुलैत समुद्र आणि वाळू एकाच रंगाची होतात. आणि माडवाले, तुमच्या एका वाडीसाठी पायथन-बियथन नको. पाण्याची कड सोडा, झाडोऱ्याची कड आखा, म्हणजे माड, सुरूची झाडं, मर्यादवेल जिथे संपते ती रेघ. ती भरती-ओहोटीला रोज हलत नाही.

खडकवासला_निवृत्त:
मुलांनो, छान चाललंय. माझं आयुष्य खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांच्या मॉडेलवर गेलं, सिमेंटचा छोटा किनारा बांधायचा आणि त्यावर लाटा सोडून बघत बसायचं. उपग्रहाचा फोटो आम्हाला उशिरा मिळाला, पण एक गोष्ट त्याने झटक्यात दाखवली असती, ती म्हणजे बंधाऱ्याची टोकं. दगडाचा बंधारा मागची जमीन वाचवतो, पुढची पुळण नाही. लाट दगडावर आपटून परत फिरते ती पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि जिथे बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची धूप वाढते. माडवाले, तुमच्या वाडीच्या जवळपास आधीचा बंधारा आहे का ते पाहा आणि त्याच्या टोकापासून अंतर मोजा. बाकी सगळा किनारा बुडतोय असं समजू नका. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चे उपग्रहाचे फोटो धरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला, त्यात जवळपास एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होते असं निघालं, आणि महाराष्ट्रात प्रमाण त्याहून कमी, साधारण एक चतुर्थांश. आपल्याकडे मधे मधे खडकाची टोकं समुद्रात घुसलेली आहेत, वाळू त्यांच्या मधल्या खिशांत अडकून राहते. पण खाडीच्या मुखाशी हा नियम लावू नका, तिथे वाळू दरवर्षी मनाला येईल तशी हलते, मालवणजवळ देवबागला कर्ली नदी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्यांना विचारा.

माडवाला_कोथरूड:
शनिवार-रविवार यातच गेला, बायको म्हणाली समुद्र राहू दे, आधी बाल्कनीतली ओल बघ.
तर, विहीर धरली. २००५ चा फोटो ६ मीटर समुद्राच्या बाजूला सरकलेला निघाला. झाडोऱ्याची कड आखली तर ते ६ वजा केल्यावर वाडीच्या उत्तर टोकाला फरक जवळजवळ शून्य, दक्षिण टोकाला १५, त्यातले ६ वजा केले तर ९ मीटर. आणि काका, दक्षिणेला तुम्ही म्हणता तसा बंधारा आहेच, शेजारच्या वाडीपुढे, आमच्या हद्दीपासून शंभरेक पावलांवर संपतो. मधल्या वर्षांचे सहा-सात फोटो एकामागून एक बघितले तर ती ९ मीटर दरवर्षी थोडी थोडी गेलेली नाहीयेत, बंधारा दिसायला लागल्यानंतरच्या तीन फोटोंतच बहुतेक सगळी गेलीत. म्हणजे माझा तो वर्षाला अडीच मीटरचा हिशोब सगळ्याच बाजूंनी फुसका.
मग बाबांना फोन केला आणि विचारलं, माडांच्या दोन ओळींत अंतर किती ठेवलं होतं. म्हणाले "पंचवीस फूट, दुसरं किती ठेवणार?" म्हणजे साडेसात मीटर. एक ओळ गेली आणि दुसरीची मुळं उघडी. फोनवर जरा वेळ मी काहीच बोललो नाही तर त्यांना वाटलं रेंज गेली.

हर्णै_ते_धनकवडी:
😄 बाबांना माझा नमस्कार सांगा.
आता अर्जाला ते ४५ मीटरवाले फोटो जोडू नका, समोर कोणी जाणकार बसला असेल तर तिथी बघून पहिल्या मिनिटाला उडवून लावेल. झाडोऱ्याच्या कडेचे जोडा, तारखा लिहून, विहिरीपासूनचं अंतर लिहून. आणि अर्ज करायच्या आधी गावात एकदा बोला, कारण तुम्हाला नवीन बंधारा मिळाला तर त्याचं टोक कोणाच्या तरी वाडीपुढे संपणारच आहे.

खडकवासला_निवृत्त:
हेच लिहायला आलो होतो. शिवाय मे महिन्यात गावी जाल तेव्हा तिसऱ्या ओळीतल्या दक्षिणेकडच्या माडाला तेलरंगाचा पट्टा मारा, विहिरीपासून फीत लावून पुळण सुरू होते त्या कडेपर्यंत मोजा आणि वहीत लिहा. दरवर्षी त्याच आठवड्यात. ९ मीटर म्हणजे लँडसॅटचा तिसरा हिस्सा पिक्सेलसुद्धा नाही, तुमच्या वाडीला फीतच पुरेल.

माडवाला_कोथरूड:
पट्टा मारायला बाबा तयार आहेत, पण म्हणतात तिसऱ्या नको, चौथ्या ओळीला मार. का ते सांगितलं नाही.