खंड्याची गोधडी : चोचीचे टोक आणि पंखांचा निळा रंग

शेवंती :
नमस्कार. आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्यांची, भिंतीवर टांगण्यासाठी म्हणून, साधारण ९० × १२० सेंमी आकाराची गोधडी मी शिवायला घेतली आहे. मधोमध ओढ्यावर झुकलेली करंजाची फांदी आणि तिच्यावर बसलेला पांढऱ्या छातीचा खंड्या, असे चित्र आहे. पाठीला मोरपंखी खण, डोक्याला आणि पोटाला तपकिरी इरकल, चोचीला लाल पोपलीन घेतले आहे. खणाची कड आत दुमडताना धागे सुटतात आणि चोचीचे टोक तीनदा उसवूनही बोथटच राहते. त्याहून मोठी खंत अशी, की पंखाची बावीस पिसे वेगवेगळी कापून लावली, तरी पक्षी फांदीवर बसल्यासारखा न वाटता कापडावर चिकटवल्यासारखा वाटतो. काय चुकते आहे?

धावदोरा :
चोचीसाठी जाड कागदाचा साचा कापा आणि त्याच्याभोवती ५ मिमी जादा कापड ठेवा. टोकाशी मात्र ते ३ मिमीच असू द्या. आधी टोक सरळ खाली दुमडून इस्त्री करा, मग एक बाजू दुमडा, आत साठलेले जादा कापड कातरून टाका आणि त्यानंतरच दुसरी बाजू दुमडा. टोक बोथट होते ते या आतल्या गठ्ठ्यामुळेच. साचा काढून शिवताना टोकाजवळचे टाके अगदी दाट घ्या.

खणाची कड सुईने दुमडण्याचा नाद मात्र सोडावा. खणाची सुलट बाजू पातळ मलमलीवर ठेवून आकाराच्या रेषेवरून पूर्ण टीप मारा, वळणांवर कात्रे द्या, मलमलीला मधोमध चीर देऊन तुकडा उलटवा. सगळे धागे आत बंद होतात. चिकट अस्तरानेही काम भागते, परंतु त्यातून हाताची सुई ओढताना बोटे दुखतात.

लाल पोपलीन आधी ओले करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. रंग उतरत असेल तर ते वापरू नका, कारण चोचीला लागूनच पांढरा गळा आहे.

पाणवठा :
मी शिवणारा नाही, पक्षी पाहणारा आहे, म्हणून पक्ष्याविषयीच सांगतो. खंड्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि बसलेला असताना त्याची मान जवळजवळ दिसतच नाही. चित्रात मान लांबली की तो दुसराच कोणी पक्षी होतो. पायही आखूड, त्यामुळे पोट फांदीला जवळजवळ टेकलेले दिसते. चोच किंचित खाली झुकवा, म्हणजे तो सावजावर नजर ठेवून बसल्याचे जाणवेल.

त्याच्या पिसांतला निळा हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसाच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरल्याने तो दिसतो, म्हणून पक्षी वळला की छटा पालटते. बावीस पिसे कापण्याऐवजी ही पालटणारी छटा कापडात आणता आली तर पाहा.

(ओढा हवाच असे नाही. हा खंड्या पाण्यापासून दूर, माळावरच्या तारेवरही बसतो आणि सरडे, नाकतोडे टिपतो.)

वाकळ :
ती छटा धूपछाव कापडात मिळेल. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे त्याच कापडाचा एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा लावला, तरी दोन निळे दिसतात. पाठ, पंख आणि शेपटी असे तीनच तुकडे तीन दिशांनी लावा आणि पिसांच्या रेषा धावदोऱ्यावर सोपवा.

आता बसण्याविषयी. शेपटी फांदीच्या आधी शिवा, म्हणजे ती फांदीमागे जाईल; बोटे मात्र फांदी शिवून झाल्यावर, तिच्यावरून वळसा घेतलेली भरा. मी हळद्या शिवला तेव्हा हा क्रम उलटा झाला होता आणि पक्षी फांदीसमोर तरंगत राहिला. धावदोऱ्याची पहिली ओळ पक्ष्याच्या बाह्यरेषेलगत घाला आणि पुढच्या ओळी बोटभर अंतराने बाहेर सरकवत न्या. ओळींमधले कापड फुगून वर येते आणि तोच पाण्याचा तरंग होतो. डोळा सर्वांत शेवटी, काळ्या दोऱ्याने भरा आणि त्यात पांढऱ्या एकेरी दोऱ्याचा एकच टाका घाला, वरच्या कडेला.

शेवंती :
सर्वांचे मनापासून आभार. पंख उसवला आहे. आजीच्या लुगड्यांतच एक निळे-हिरवे धूपछाव निघाले; पदराकडे विरले आहे, पण तीन तुकडे नक्की निघतील.