रोमहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं डोंगरावरचं गाव सुचवा (आईबाबा आणि लहान मुलं सोबत)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही सहा जण रोमला जातोय. एक दिवस डोंगरावरच्या एखाद्या जुन्या गावासाठी राखून ठेवलाय, कारण आईची ती एकच फर्माईश आहे. आई ७१ वर्षांची, बाबा ७५, लेक नऊची आणि धाकटा साडेतीनचा. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती सावकाश चालते, चढ लागला की दमते. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. गाडी भाड्याने घ्यायची नाही. सान जिमिन्यानो, असिसी, चिविता दी बान्योरेज्यो आणि ओर्विएतो अशी चार नावं पुढे आलीत. कोणतं निवडू?

पायवाट
ओर्विएतो, डोळे झाकून.

सान जिमिन्यानोला रेल्वेच नाही, ते फ्लोरेन्सहून करायचं गाव आहे. असिसी अप्रतिम आहे, पण रोमहून जाण्यायेण्यातच चार-पाच तास मोडतात. शिवाय स्टेशन गावापासून लांब, खाली मैदानात, आणि वर पोचल्यावरही सगळे चढउतार. तिथे मुक्कामी जावं.

ओर्विएतो रोमा तेर्मिनीहून साधारण सव्वा तासावर. स्टेशनाबाहेर आलात की समोरच फुनिकोलारे, म्हणजे केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे. १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. काही मिनिटांत तुम्ही कड्यावर. गाव तूफा दगडाच्या पठारावर वसलंय, चहूबाजूंनी उभे कडे आणि माथा बराचसा सपाट. तुमच्या आईंसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. वर पियाझ्झा काहेनला उतरल्यावर लगेच चालत सुटू नका. तिथून दुओमोपर्यंत (गावातलं मुख्य चर्च) छोटी बस जाते, फुनिकोलारेच्याच तिकिटात. जाताना बस घ्या आणि परत येताना कोर्सो काव्हूरवरून दुकानं बघत चालत या. तो रस्ता या दिशेने हलक्या उताराचा आहे. उलट केलंत तर आईंना भर उन्हात चढ लागेल.

ओवी
+१. मुलीला सेंट पॅट्रिकची विहीर (पोझ्झो दी सान पात्रिझियो) दाखवाच, फुनिकोलारेच्या वरच्या स्टेशनापासून अगदी जवळ आहे. १५२७ मध्ये सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा पळून ओर्विएतोत आला. गावाला वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने अंतोनिओ दा सांगाल्लो (धाकटा) याच्याकडून ही विहीर खोदून घ्यायला सुरुवात केली. खोली सुमारे ५३ मीटर. आत दोन वेगळे गोल जिने एकमेकांभोवती फिरत खाली जातात. पाणी आणणारी खेचरं एका जिन्याने उतरायची, दुसऱ्याने चढायची, त्यामुळे वाटेत समोरासमोर यायचीच नाहीत. विहिरीच्या बाजूने सत्तरएक खिडक्या आहेत. उतरताना त्यांतून समोरच्या जिन्यावरची माणसं दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. मुलं यात रमतात. साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटांची विहीर तिने पाहिली असेल तर दोन्ही ठिकाणी पाणी वर कसं आणत, यावर छान गप्पा होतील.

पण जिना २४८ पायऱ्यांचा आहे, आणि उतरलेलं सगळं चढायचंय. आईबाबांना अजिबात नेऊ नका. शेजारीच आल्बोर्नोझ किल्ल्याची बाग आहे, झाडांची सावली आणि खाली दरीचा देखावा. तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर तिथे बसावं.

भटकभवानी
मी चिविताचं नाव घेईन. लांबलचक पूल ओलांडून त्या झिजत चाललेल्या टेकडीवरच्या गावात शिरताना जे वाटतं ते ओर्विएतोत नाही. ओर्विएतोहून बान्योरेज्योला बस आहे, एका दिवसात दोन्ही बसतात.

पायवाट
भटकभवानी, चिविताबद्दल दुमत नाही, दोघंच गेलात तर जरूर जा. पण त्या पुलावर वाहन जात नाही आणि शेवटचा टप्पा चांगलाच खडा आहे. बसही मोजक्या, रविवारी तर नाहीतच. एक चुकली की साडेतीन वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीचे आजोबा उन्हात रस्त्यावर. या कुटुंबाने एकच गाव करावं, पण निवांत करावं.

दुओमोबद्दल सांगायचं राहिलं. १२९० मध्ये बांधकाम सुरू झालं. भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे आडवे पट्टे आहेत. मोझॅइकवर सगळ्यांचीच नजर जाते, पण मुलांना घेऊन खालच्या चार रुंद खांबांपाशी थांबा. त्यांवरचं कोरीवकाम इतकं खाली आहे की मुलांनाही नीट दिसतं. सगळ्यात डावीकडे सृष्टीची निर्मिती: आदम झोपलाय आणि देव त्याच्या बरगडीतून ईव्ह घडवतोय. सगळ्यात उजवीकडे अंतिम न्याय, त्यात नरकात लोटलेले लोक आणि त्यांचे किंचाळणारे चेहरे. आतल्या सान ब्रिझिओ चॅपेलमध्ये लूका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत, तीही याच विषयावर. खांदे झाकलेले कपडे घाला. दुपारनंतर दर्शनी भागावर ऊन येतं आणि मोझॅइकचं सोनं झळाळतं, म्हणून निघण्याआधी परत एकदा चौकात या.

मोगरा
जेवणाचं मी सांगते. तिथला खास पास्ता म्हणजे उंब्रिकेल्ली, जाडसर, हाताने वळलेला, बहुतेक नुसत्या कणीक-पाण्याचा. ट्रफल घालून किंवा टोमॅटो-मिरचीच्या सॉसमध्ये मागवा. 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हणून भागत नाही. सॉसमध्ये ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं मांस) किंवा सूपमध्ये मांसाचा रस्सा आहे का, ते नाव घेऊन विचारा. बेकरीत गोगलगायीसारखी वळलेली लुमाकेल्ले दिसतील, मुलं हट्ट करतील, पण त्यांतही मांसाचे तुकडे असतात. पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटचं (जठरातून काढलेल्या विरजणाचं) असतं. घरात कोणी ते पाळत असेल तर चीज नको म्हणून सांगा.

आणि दुपारी एकला जेवायला बसाच. अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. मुलांसाठी दशम्या किंवा ठेपले जवळ असू द्या.

मिलानोकर
गाडीबद्दल: रेजोनाले, म्हणजे साधी प्रादेशिक रेल्वे घ्या. भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त पडत नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. नाहीतर दंड. आदल्या दिवशी 'शोपेरो' म्हणजे संप आहे का ते बघून घ्या. कामाच्या दिवशी संपातही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, ओर्विएतो पक्कं. दोन शंका: धाकट्याची बाबागाडी न्यावी का? आणि गावाखाली खडकात कोरलेली भुयारं आहेत म्हणे, ती आईला झेपतील का?

ओवी
बाबागाडी दुओमो आणि कोर्सोसाठी न्या, दगडी फरसबंदी आहे म्हणून मोठ्या चाकांची. विहिरीत ती चालणार नाही, धाकट्याला बागेत आजीजवळच ठेवा. भुयारांची फेरी गाइडबरोबर साधारण तासाभराची असते. भर दुपारी आत मस्त गार असतं, आणि भिंतीत कबुतरं पाळण्यासाठी कोरलेले शेकडो चौकोनी कोनाडे बघण्यासारखे आहेत. पण मधे पायऱ्या आहेत आणि एके ठिकाणी वाट फार अरुंद होते. तिकीट दुओमोच्या चौकातच मिळतं. बाबा आणि लेक जाऊ देत, आई तेवढा वेळ दुओमोत बसतील.

पायवाट
आणि जूनची तारीख ठरवताना कॉर्पस दोमिनीचा रविवार पाहून घ्या. हा सण १२६४ मध्ये पोपने ओर्विएतोतूनच जाहीर केला होता, त्यामुळे तिथे त्या दिवशी मध्ययुगीन पोशाखातली मोठी मिरवणूक निघते. बघायला फार छान, पण बसायला जागा मिळणं कठीण. आईंसाठी मधल्या वारी जाणंच बरं.