होथच्या कड्यांवरून: आपली आपण आखलेली भटकंती

डब्लिनच्या ईशान्येला डार्ट ही लोकल गाडी जिथे संपते, ते होथ. खाली मासेमारीचं बंदर, मागे समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्याच्या कड्यावरून जाणारी पायवाट. गाइड लागत नाही, स्टेशनपासूनच रंगीत बाणांच्या चार वाटा सुरू होतात. हिरवी साधारण ६ किलोमीटर, निळी ७, लाल ८ आणि जांभळी १२. पण कोणत्या महिन्यात, कोणाला सोबत घेऊन कुठली वाट धरावी, हे बाण सांगत नाहीत. माझे आईबाबा जुलैत पुण्याहून येतायत. त्यांच्यासारखे पाहुणे आणि इथे नव्याने आलेली मुलंमुली, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हा धागा काढतेय. महिना, वाट, सोबत कोण आणि काय दिसलं, ते मोकळेपणाने लिहा.

सागरगोटा
पक्षी बघायचे असतील तर मे किंवा जून, दुसरा विचारच नको. कड्यांच्या कपारींत किटीवेक, गिलेमॉट, रेझरबिल या समुद्रपक्ष्यांची वीण चालू असते. आधी कलकलाट ऐकू येतो, मग पक्षी दिसतात. जुलै संपता संपता गिलेमॉट आणि रेझरबिल पिल्लांसकट समुद्रात निघून जातात आणि कडा ओस पडतो. त्यामुळे आईबाबांना जुलैच्या पहिल्या आठवड्यातच न्या.
दुर्बीण असेल तर निघण्याआधी बंदरातून समोरच्या आयर्लंड्स आय बेटाकडे बघा. त्याच्या टोकाचा खडक पांढरा दिसतो, ती गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची वसाहत. उन्हाळ्यात बंदरातून बेटाला होड्या जातात. मी कडा आणि बेट एकाच दिवशी करत नाही. दोन्हीकडे निवांत बसायला वेळ हवा, घाईत पक्षी दिसत नाहीत.

गवतीचहा
आईबाबांसाठी माझा ठाम सल्ला: चढ टाळा. शहरातून एच-३ बस थेट समिटला, म्हणजे डोंगरावरच्या थांब्याला, जाते; लीप कार्ड (इथलं बस-गाडीचं प्रवासकार्ड) चालतं. वर उतरलं की बेली दीपगृह आणि पलीकडे डब्लिनचा उपसागर समोर येतो. तिथून कड्याच्या वाटेने बंदराकडे उतरत यायचं. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या हातात काठी घेऊन सावकाश आल्या आणि वाटेत तीनदा बसल्या. मात्र उतारावर दगड आहेत, पायऱ्या आहेत, काही ठिकाणी वाट अरुंद आहे आणि कड्याला कठडा नाही. चक्कर येण्याचा त्रास असेल तर नेऊ नका. त्यांच्यासाठी बंदराचा पूर्वेकडचा धक्का आहे. सपाट, रुंद आणि टोकाला जुनं दीपगृह. बाबागाडीही तिथेच न्यावी, कड्यावर ती चालणार नाही.

पाऊलवाट
सह्याद्रीत फिरलेल्यांना ६ किलोमीटर किरकोळ वाटतात. इथे अंतराचा प्रश्न नाही, वाऱ्याचा आहे. बंदरातून बॅल्सकॅडन रस्त्याने निघालात की समुद्र डाव्या हाताला राहतो. नैऋत्येचा वारा असेल तर सुरुवातीला डोंगराचा आडोसा मिळतो, जॅकेट काढावंसं वाटतं. बेलीच्या बाजूला वळलात की तोच वारा तोंडावर येतो. म्हणून मी हवामान खात्याच्या अंदाजात पावसाआधी वाऱ्याची दिशा बघतो. पूर्वेचा वारा जोरात असेल तर कड्याचा बेत सोडून देतो.
छत्रीचा उपयोग शून्य. टोपी असलेला रेनकोट, आत एक लोकरीचा थर, घट्ट तळव्याचे बूट. जीन्स ओली झाली की वाळत नाही. स्वच्छतागृहाचं काम खाली बंदराजवळच उरकून घ्या. पाणी आणि खाणं सोबत असू द्या. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी नेतो, कचरा परत आणतो. कड्यावर कोणी अडचणीत दिसलं तर खाली उतरायचं धाडस नको, ११२ ला फोन लावून कोस्टगार्ड मागा.

धागाकर्ती
गवतीचहा, बसने वर जाऊन उतरत येण्याचा बेत पक्का केला. पुढचं विचारते: ऑगस्टमध्ये पक्षी नसतील तर काय बघायचं?

शेवंती
ऑगस्टमध्ये डोंगर बघायचा! हेदर झुडपांचा जांभळा आणि बुटक्या, काटेरी गॉर्स झुडपांचा पिवळा, दोन्ही एकाच वेळी फुललेले असतात. त्या रंगांसाठी मी लाल वाटेने माथ्यावरून जाते. मोठा गॉर्स मात्र एप्रिल-मेमध्ये भरात असतो आणि उन्हात त्याला चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. मला तिथे हमखास दापोलीचं घर आठवतं.
हाच गॉर्स कोरड्या दिवसांत भराभर पेटतो. तो आटोक्यात ठेवायला २०२१ पासून इथे जुन्या आयरिश जातीच्या शेळ्या चरायला सोडल्या आहेत. दिसल्या तर लांबूनच बघा, खाऊ घालू नका. शेगडी, सिगारेट काहीही नको. नेच्यांतून चाललात तर घरी आल्यावर पायांवर गोचीड तपासा, त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो.

सागरगोटा
बंदरातल्या सीलांनाही खाऊ घालू नका. आणि बेलीच्या टोकावर समुद्र शांत असेल तर अर्धा तास नुसतं पाण्याकडे बघत बसा. पॉर्पॉइजची (डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी) छोटी काळी पाठ वर येऊन जाते. बेली दीपगृह १८१४ चं आहे. आयर्लंडमध्ये सगळ्यात शेवटी, १९९७ मध्ये, तेच स्वयंचलित झालं.

पाऊलवाट
हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी: डिसेंबरात चारनंतर लगेच सूर्य मावळतो. सकाळी दहाला चालायला लागा आणि जांभळी वाट उन्हाळ्यासाठी ठेवा. उन्हाळ्यातल्या उन्हाच्या रविवारी डार्टमध्ये उभं राहायलाही जागा नसते, त्यामुळे शक्य असेल तर मधल्या वारी जा.